काळी माती, कॉलनीचा बगीचा आणि भिंतीवरची संजा

इंदुरात कॉलनीतला मोकळा भूखंड रहवासी संघाच्या हाती आला की पहिल्या बैठकीत चर्चा होते ती कारंजं कुठे आणि पुतळा कोणाचा याची. या महिन्यात वाचकांकडून आलेले प्रश्नही बरेचसे त्याच वळणाचे आहेत. उत्तरं देताना आम्ही क्रम उलटा धरला आहे: आधी पाणी, मग माती, मग सावली, आणि चित्र-शिल्प सगळ्यांत शेवटी. मालव्यात हा क्रम मोडला की तेच काम दोनदा करावं लागतं.

प्रश्न: आमच्याकडे ३० बाय ४० मीटरचा भूखंड आहे. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचतं. भर घालून सगळं सपाट करायचं, वर पेव्हर ब्लॉक आणि मधोमध मंच, असा आराखडा कंत्राटदाराने दिला आहे. मान्य करावा का? (सुदामानगर)

करू नये. भर घातल्याने पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या घरांच्या जोत्याकडे सरकतं. साचणारा कोपरा ही तुमच्या जागेतली सर्वांत कामाची गोष्ट आहे. आराखडा तिथून सुरू करा.

पहिलं काम उंचसखलपणा मोजण्याचं. गवंड्याकडे असते ती पारदर्शक पाण्याची नळी, वीसेक मीटर लांबीची, आणि दोन माणसं एवढ्यावर ते होतं. दर ५ मीटरवर खुंटी मारली तर तुमच्या भूखंडावर ६३ जागा होतील. प्रत्येक ठिकाणची उंची कागदावर टाका, म्हणजे पाणी कुठून कुठे जातं ते रेघेत दिसेल. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे चुकतात, म्हणून मोजण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं ना ते पाहा. त्याच कागदावर लोक आत्ता कुठून चालतात त्या पायवाटाही काढा. नव्या वाटा त्यांच्यावरूनच गेल्या पाहिजेत, नाहीतर लोक हिरवळ तुडवतातच.

दुसरं काम मुरण्याची चाचणी. ३० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, एकदा भरून पूर्ण मुरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजा. पहिल्या भरणीचा आकडा धरू नका. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिलं पाणी घटाघटा पिते आणि फुगली की तोंड मिटते. तासाला १२ मिलिमीटरपेक्षा कमी उतरत असेल, आणि निव्वळ काळ्या मातीत बहुधा तसंच निघेल, तर खाली निचऱ्याचा पाइप घालावाच लागतो.

आता त्या कोपऱ्याचा पाऊसबगीचा करा. वाटा आणि बसायच्या जागा मिळून ३०० चौरस मीटर आणि शेजारच्या सभागृहाचं छत १०० चौरस मीटर, असं ४०० चौरस मीटरचं पाणी तिथे येतं असं धरू. २५ मिलिमीटरची एक सर म्हणजे १०,००० लिटर. ५० चौरस मीटरचा, २० सेंटिमीटर खोलगट वाफा तेवढं पाणी पोटात घेतो. त्याची रचना खालून वर अशी: तळाशी ३० सेंटिमीटर जाड २० ते ४० मिलिमीटरची गिट्टी आणि तिच्यात ११० मिलिमीटरचा छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप, शंभरात एक उताराने, तिच्यावर १० सेंटिमीटर बारीक गिट्टी, तिच्यावर ४५ सेंटिमीटर मिश्रण, सहा भाग जाडी वाळू, दोन भाग माती, दोन भाग कुजलेलं खत. पाणी आत येतं तिथे ६० सेंटिमीटर चौकोनी गाळकुंडी, आणि वाफा भरला तर जादा पाणी नगर निगमच्या पावसाळी नाल्यात जाईल अशी सांडव्याची तोंडी.

बिघडतं ते ठरावीक तीन ठिकाणी. पाइपाला कापड गुंडाळतात. काळ्या मातीचे कण इतके सूक्ष्म असतात की कापड लवकरच लिंपल्यासारखं होतं. बारीक गिट्टीचा थर असला की कापडाची गरज नाही. दुसरं, वाळू वाचवण्यासाठी काळी माती आणि वाळू निम्मी-निम्मी कालवतात आणि वाफा विटेसारखा घट्ट होतो. तिसरं, गाळकुंडी कोणी उपसत नाही. जूनच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उपसा. पाणी ४८ तासांच्या आत गेलंच पाहिजे. डासाचं अंडं ते डास हा प्रवास उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो, तेव्हा चिखल चालेल, डबकं नाही.

वाफ्यात मधोमध वाळा आणि नागरमोथा, कडेने कर्दळ, काठावर दूर्वा. वाळ्याची मुळं खोल जातात आणि तो एप्रिल-मेच्या कोरड्यातही तग धरतो. कर्दळीला उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल.

वाटांसाठी पेव्हर ब्लॉक घालायचेच तर ४५ सेंटिमीटर काळी माती काढून तिथे मुरूम भरा, १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून. थेट काळ्या मातीवर बसवलेले ब्लॉक दुसऱ्या पावसाळ्यात लाटा घेतात, त्यात कंत्राटदाराचा हात कितीही चांगला असो. रुंदी दीड मीटर ठेवा: दोन माणसं शेजारून जातात आणि चाकांची खुर्ची वळते. उंचवटा असेल तिथे पायऱ्यांसोबत बारास एक उताराचा रॅम्प द्या.

प्रश्न: बगीच्यात जुना कडुनिंब आहे. त्याला पार बांधायचा आहे. सिमेंटचा की दगडाचा? (लोकमान्यनगर)

दगडाचा, पण प्रश्न साहित्याचा कमी आणि मुळांचा जास्त आहे. झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या ३० ते ४५ सेंटिमीटर मातीत असतात. आपल्याकडची रीत म्हणजे बुंध्याभोवती गोल भिंत, आत दोन फूट भराव, वर फरशी. झाड लगेच मरत नाही. पाच-सात वर्षांत शेंडे वाळू लागतात, बुंध्याची साल मातीखाली कुजते, आणि एखाद्या वादळात झाड पडलं की आपण वाऱ्याला दोष देतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला लावलं ते याच कारणाने. तो एक मीटर तुम्हीही पाळा.

पाराऐवजी कडं करा. बुंध्याचा व्यास ५० सेंटिमीटर धरला तर कड्याची आतली त्रिज्या सव्वा मीटर, बाहेरची १ मीटर ७० सेंटिमीटर. बैठक ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच. सलग पाया खोदायचा नाही; दहा दगडी पाये, प्रत्येकासाठी वेगळा छोटा खड्डा, तोही हातकुदळीने. अंगठ्यापेक्षा बरंच जाड, ५ सेंटिमीटरच्या वरचं मूळ लागलं तर पाया सरकवा, मूळ तोडू नका. दोन पायांमधलं अंतर मीटरच्या आत येतं, त्यामुळे ५ ते ६ सेंटिमीटर जाडीची, घासून गुळगुळीत न केलेली फरशी पुरते. बाहेर तोंड करून वीस माणसं बसतात. आतल्या वर्तुळात फक्त पालापाचोळा, चार बोटं जाड, बुंध्याला न टेकवता.

आजोबांसाठी दहापैकी दोन भागांना पाठ आणि हात टेकायला दांडी द्या. गुडघ्यांना उठताना हाताचा आधार लागतो, नुसत्या ओट्यावर तो मिळत नाही.

जुना सिमेंटचा पार आधीच असेल तर पावसाळ्यापूर्वी फोडा आणि आतली माती हाताने, थोडी थोडी काढत बुंध्याचा पसरट पाया उघडा करा. बुंध्यावर गेरू-चुन्याचे पट्टे चालतील. ऑइलपेंट आणि खिळे नकोत. झाड वडाचं असेल तर वटपौर्णिमेचा सुती दोरा आपोआप कुजतो. दिव्यांच्या माळेची तार कुजत नाही, ती सालीत रुतते.

प्रश्न: कुंपणाच्या भिंतीवर काढलेलं चित्र दोन वर्षांत सोलून निघालं. खालच्या बाजूला पांढरी पूड येते. शिवाय भंगारातून केलेलं लोखंडी शिल्प झुकलं आहे आणि गंजलं आहे. दोन्ही पुन्हा करायचं आहे. (राजेंद्रनगर)

भिंत आधी. पांढरी पूड म्हणजे जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते आणि वाळताना क्षार बाहेर टाकते. तिच्यावर कितीही महाग रंग मारा, तो क्षारांच्या पाठीवर बसतो आणि त्यांच्यासोबत गळतो. उपाय रंगाच्या डब्यात नाही. भिंतीला टेकून केलेले फुलझाडांचे वाफे काढा. पायथ्याशी ३० सेंटिमीटर रुंद गिट्टीची पट्टी ओढा. भिंतीच्या डोक्यावर ५ सेंटिमीटर पुढे आलेली टोपी बसवा, तिच्या खालच्या कडेला खाच ठेवा म्हणजे थेंब तिथून सुटेल, भिंतीवरून ओघळणार नाही. आणि खालचे ६० सेंटिमीटर चित्रातून वगळा. तिथे नुसता दगड किंवा चुन्याचा हात दिसायला वाईट दिसत नाही, आणि दर दिवाळीला तो पुन्हा देता येतो.

तिरप्या भेगा असतील तर ती भिंत मातीबरोबर हलते आहे. सलग लांब भिंतीला दर ६ ते ९ मीटरवर सांधा हवा, आणि चित्राची मांडणी त्या सांध्यांना धरून वेगवेगळ्या चौकटींत करावी. सांध्यावरून चेहरा काढला की वर्षभरात तो चिरतो.

नवा गिलावा सात दिवस पाणी मारून आणि एकूण २८ दिवस थांबून मगच रंगवा. खात्रीसाठी ४५ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा. आत थेंब जमले तर अजून थांबा. जुना चुना तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडा, कारण पोपडे निघतात ते त्याच थरातून. २० मीटर लांब आणि १.८ मीटर उंच भिंत ३६ चौरस मीटर होते. तिला बाहेरच्या भिंतीचा प्रायमर ४ ते ५ लिटर आणि पार्श्वरंगाचे दोन हात द्यायला ७ ते ८ लिटर अॅक्रिलिक लागेल; खरबरीत भिंतीला याहून बरंच जास्त. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा हेच रंग वापरा. गुलाबी आणि जांभळा उन्हात आधी उडतात.

फुटक्या टाइलचं काम करणार असाल तर चंदीगडची नेकचंद यांची, १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झालेली रॉक गार्डन हा उत्तम नमुना आहे. एक अडचण मात्र तेव्हा नव्हती. आजच्या बहुतेक घरांतून निघणारी टाइल व्हिट्रिफाइड असते. ती पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटला धरत नाही आणि पहिल्या उन्हाळ्यातच सुटते. तिला पॉलिमरयुक्त टाइल-चिकटवणीच लागते. न्हाणीघराच्या जुन्या चकचकीत टाइलची पाठ सच्छिद्र असते. ती दोन तास भिजवून सिमेंट-वाळू १:३ मध्ये बसते. तुकडे २ ते ५ सेंटिमीटरचे, मध्ये ३ मिलिमीटर फट, आणि मुलांचा हात पोचतो तिथपर्यंत प्रत्येक कड घासलेली.

शिल्प झुकलं कारण पाया काळ्या मातीत संपतो. एका बाजूची माती झाडाने किंवा उन्हाने वाळली की ती आकसते, दुसरीकडची नळाच्या गळतीने फुगते. खाली मुरूम साधारण एक-दीड मीटरवर लागत असेल तर पाया त्याच्यावर टेकवा. नाही लागला तर ६० सेंटिमीटर दाबलेल्या मुरमाची गादी करा, पायाहून चहूबाजूंनी अर्धा मीटर मोठी, आणि तिच्यावर दीड मीटर चौरस, २० सेंटिमीटर जाड, एम-२० प्रतीचं काँक्रीट, १० मिलिमीटरच्या सळ्या दोन्ही दिशांना १५ सेंटिमीटरवर. हे अडीचशे-तीनशे किलोच्या, दोन मीटर उंचीपर्यंतच्या शिल्पासाठी झालं. त्याहून उंच असेल तर संरचना अभियंत्याची सही घ्या. वाऱ्याचा जोर आमच्या अंदाजावर सोडण्यासारखा नसतो.

माती किती फुगणारी आहे हे शाळेच्या प्रयोगशाळेत कळतं. वाळवून, बारीक चाळणीने चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ भरली तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वर काहीही निघालं तर माती फुगणारी समजा.

गंज लागतो तो आतून. पोकळ पाइपाच्या तळाशी ८ मिलिमीटरचं भोक नसेल तर पावसाचं पाणी आतच राहतं. भोकं पाडा, वेल्डिंगचे सांधे घासून झिंकयुक्त प्रायमर द्या, मग रंग. आणि मुलं चढणार हे गृहीत धरा. ९ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यानची कोणतीही फट ठेवू नका. तिच्यातून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं.

भंगाराचे मोर आणि रोबो आता चौकाचौकांत झाले, हेही जाता जाता म्हणायला हवं. चित्रकार देवळालीकरांनी १९२७ मध्ये कलाशाळा सुरू केलेल्या आणि एन. एस. बेंद्रे, एम. एफ. हुसेन हे चित्रकार तिथूनच पुढे गेलेल्या या शहरात चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळक्या काटक्या, पानं, बिया, टाकाऊ वस्तू यांतून चित्रं शोधायला शिकवलं. त्यांच्या कामात वस्तू आपला मूळ आकार सोडत नसे. ही दृष्टी घेतली तर वेल्डरला दिलेल्या पैशांत शंभर मुलांची कार्यशाळा होते.

प्रश्न: आमच्या भगिनी मंडळाला मांडणा (जमिनीवर गेरू-खडीने काढायची नक्षी), संजा (पितृपक्षात मुली भिंतीवर शेणा-फुलांनी काढतात ती चित्रं) आणि भोंडला यांसाठी कायमची जागा हवी आहे. सिमेंटच्या ओट्यावर ऑइलपेंटने काढलेला मांडणा उडाला आणि पावसात घसरायला होतं. (रामबाग)

मांडणा टिकवण्याचा हट्ट सोडा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गेरू आणि खडी ही पुसण्यासाठी आणि पुन्हा काढण्यासाठीच आहेत. छप्पर असलेल्या मंडपात ३ बाय ३ मीटरचा शेणा-मातीने सारवलेला चौक ठेवा, दर सणाला नवा मांडणा काढा. कायमचं काही हवंच असेल तर लाल आणि फिकट दगडाच्या पट्ट्या खरबरीत फरशीत जडवून घ्या, रंगवू नका.

संजेसाठी भिंत वेगळी लागते, आणि तिच्यावर थोडा विचार खर्च करण्यासारखा आहे. पितृपक्षात, म्हणजे बहुतेक सप्टेंबरात, पाऊस पुरता गेलेला नसतो. भिंत पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून असावी आणि वर ६० सेंटिमीटरची पडवी असावी. सव्वा मीटर चौरसाच्या पाच-सहा चौकटी करा. खालची कड जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या किलाकोटाचा, किल्ल्याच्या मोठ्या चित्राचा, खालचा भाग सहा वर्षांच्या मुलीलाही लिंपता येईल आणि वरचा मोठ्या मुली लिंपतील.

त्या चौकटींना सिमेंटचा गिलावा नको. त्यावर शेण धरत नाही, वाळलं की पापुद्रा होऊन पडतं. मातीचा गिलावा करा: दोन भाग पिवळी माती, एक भाग बारीक वाळू, अर्धा भाग शेण, अर्धा भाग बारीक भुसा. चार-पाच दिवस भिजवून रोज तुडवा. विटांची भिंत आधी चांगली ओली करा, १० ते १२ मिलिमीटरचा पहिला थर द्या, तो वाळल्यावर दुसरा. केसासारख्या भेगा पडल्या तर पुढच्या थरात वाळू वाढवा. थर पोकळ वाजला तर भिंत कोरडी होती. काळी माती यात घेऊ नका, ती तडकेल. पिवळी मिळालीच नाही तर काळीत दुप्पट वाळू घालावी लागेल.

फुलं विकत आणण्यापेक्षा भिंतीसमोरच उगवा. भिंतीपासून मीटरभर सोडून, जूनच्या अखेरीस तेरडा पेरला की पितृपक्षाला फुलतो. सोबत गुलबक्षी आणि झेंडू. कण्हेर आणि बिट्टी मात्र नको. दोन्ही विषारी आहेत, आणि बिट्टीच्या बिया मुलांना खेळायला हमखास आवडतात. सर्वपित्रीनंतर खरवडलेली संजा पाण्यात सोडायची रीत एका कुंडीत पाळा आणि ते पाणी झाडांना द्या.

भोंडल्याचा हिशोब सोपा आहे. पंचवीस जणी हात धरून फेर धरतात तेव्हा प्रत्येकीला सुमारे ७० सेंटिमीटर लागतात. परीघ साडेसतरा मीटर, व्यास साडेपाच मीटरच्या थोडा वर. बघणाऱ्यांसाठी मीटर-सव्वा मीटर कड धरून ८ मीटरचं वर्तुळ करा, मध्ये हत्तीच्या पाटासाठी ६० सेंटिमीटरचा दगड, जमिनीच्या पातळीत. वर आलेला दगड बाकीचे ११ महिने ठेच लावतो. या वर्तुळात सकाळी योग आणि संध्याकाळी मुलांचा खेळ होतोच, त्यामुळे वेगळा मंच बांधायची गरज उरत नाही. मंच वर्षातून चार दिवस वापरला जातो आणि उरलेले दिवस दुचाकी ठेवायच्या कामी येतो.

प्रश्न: जुनी विहीर आहे. स्लॅब टाकून वर बसायला जागा करावी असं ठरतंय. (जुनं इंदूर)

नाही. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, याच शहरातल्या एका मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब कोसळून ३६ जणांचा जीव गेला. स्लॅबच्या खालची बाजू सतत दमट असते, सळ्या गंजतात, आणि वरून काहीच दिसत नाही.

विहीर उघडी पण सुरक्षित ठेवा. सव्वा मीटर उंच पक्का कठडा, त्यावर १२ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी, दोन सळ्यांमधली फट ९ सेंटिमीटरपेक्षा कमी, कुलूप लागेल असं दार आणि किल्ली दोघांकडे. कठड्याभोवती मीटरभर लांबून बैठक. छताचं पाणी विहिरीत सोडायचं तर गिट्टी, वाळू आणि कोळसा यांच्या गाळणीतून, आणि पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी वळवून. वाफ्यांचं पाणी कधीच नाही, त्यात खत असतं. डासांसाठी गप्पी मासे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. सरसकट पाडापाडी न करता जे बिघडलं तेवढंच नेमकं दुरुस्त करावं, हा त्यांचा आग्रह होता. तुमच्या विहिरीला तो नेमका लागू आहे.

प्रश्न: लॉन किती ठेवावं?

मुलांना लोळता येईल एवढं. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला दिवसाला ५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. २०० चौरस मीटर म्हणजे रोज १,००० लिटर, आणि नळाचं असेल तर ते नर्मदेचं, नदीकाठच्या जलूद गावाहून सत्तरेक किलोमीटर आणि विंध्याचा चढ चढून आलेलं. दूर्वांचं साधं गवत निम्म्यात भागतं आणि उन्हाळ्यात पिवळं पडलं तरी पावसाला परत येतं.

प्रश्न: पाल्याचं खत करतो, पण वास येतो आणि शेजारी तक्रार करतात. (स्नेहनगर)

वास म्हणजे ढिगात हवा नाही आणि ओल जास्त. मूठभर खत दाबून पाहा. बोटांतून पाणी गळलं तर कोरडा पाला वाढवा. नुसता ओलसरपणा जाणवला तर ठीक आहे. मंदिरातली फुलं आणि भाजीचा ओला कचरा एक घमेलं टाकलात तर वाळका पाला तीन घमेली, आणि प्रत्येक थरावर थोडं जुनं खत किंवा शेणकाला. ढीग मीटरभर लांब, रुंद, उंच असा तरी हवा. त्याहून लहान ढिगाला ऊब धरत नाही. विटांचे, फटी सोडलेले दोन हौद शेजारी बांधा. एकातून दुसऱ्यात उलटताना हवा मिळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मध्यभागी लोखंडी सळई खुपसून काढा. हाताला चटका बसला तर काम चालू आहे.

ही पद्धत इंदुरातलीच आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत ती बसवली, आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं ते यशवंत वाड यांच्यासोबत. पाला, शेण, मूत्राने भिजलेली माती, राख यांचे थर, तीन पलट्या आणि तीन महिन्यांत खत. जगभर ती इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते आणि आपल्या कॉलन्यांत अजूनही पाला पेटवला जातो. राग येतो तो याचा.

शेजाऱ्यांसाठी एवढं करा: हौद खिडक्यांपासून लांब, वारा खिडक्यांकडून हौदाकडे वाहील अशा बाजूला, आणि शिजलेलं अन्न बंद.

प्रश्न: मियावाकी जंगल करावं का? आणि कोणती झाडं टाळावीत?

मियावाकी म्हणजे थोड्या जागेत देशी झाडं अगदी दाट लावायची जपानी पद्धत. १०० चौरस मीटरला तीनशे-चारशे रोपं लागतात आणि दोन-तीन वर्षं तण काढणं, पाणी देणं. छोट्या बगीच्यात ती दाट भिंत होते, पलीकडचं दिसत नाही, आणि बायका-मुली संध्याकाळी तिकडून जाणं टाळतात. मोठ्या जागेच्या धुळीच्या कडेला ठीक. लहान जागेत मोजकी, नीट अंतरावरची झाडं बरी: बहावा, ताम्हण, बकुळ, करंज, आपटा, शमी, बेल, पारिजातक. दसऱ्याला सोनं म्हणून दुसऱ्याच्या झाडाची पानं ओरबाडण्यापेक्षा आपला आपटा असलेला चांगला. एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, पण भरणीत नुसतं खत आणि वाळू घालू नका. काळ्या मातीत असा मऊ खड्डा पाणी धरणारी बादली होतो. काढलेलीच माती निम्म्याहून अधिक वापरा.

टाळायचं ते कोनोकार्पस, हे शोभेसाठी लावलं जाणारं परदेशी सदाहरित झाड. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहर बसायच्या जागेवर नको, त्याच्या फांद्या वादळात मोडतात. वड आणि पिंपळ लावा, पण भिंतीपासून लांब. काळ्या मातीत झाड वाढून जितकं उंच होईल तितकं अंतर राखलं तर भिंतीला तडा जात नाही. आणि असलेलं झाड तोडायचं तर आधी नगर निगमची परवानगी. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ पासून वेगळा कायदा आहे.

प्रश्न: दिवे कसे?

पिवळसर, ३,००० केल्विनच्या आतले, कमरेच्या उंचीचे, प्रकाश फक्त वाटेवर पाडणारे. झाडात खालून वर मारलेले हिरवे-निळे झोत काढून टाका, त्या झाडांवर पक्षी झोपतात. मात्र फाटक, विहिरीचं दार आणि वाटेची वळणं अंधारात ठेवू नका.

प्रश्न: हे सगळं सांभाळणार कोण? एक माळी ठेवला आहे. (सुदामानगर, पहिल्याच पत्रात)

माळ्याला झाडं कळतात, गाळकुंडी आणि गिलावा त्याच्या कामात धरलेलाच नसतो. म्हणून कामं महिन्यांना बांधा आणि कागद फाटकाजवळ लावा. मे: गाळकुंडी, पाइपाचं तोंड, भिंतीची टोपी. जून: रोपं, तेरडा. जुलै ते सप्टेंबर: दर महिन्याला गाळ, दर आठवड्याला साचलेल्या पाण्याची फेरी. भाद्रपदाआधी संजेच्या भिंतीला मातीचा एक हात, त्याला सहा चौकटींमागे दोन माणसं आणि एक दिवस. दिवाळीआधी चुना. मार्च: लोखंडाचा गंज, खेळण्यांचे नट-बोल्ट, मुलांच्या खेळाखाली ३० सेंटिमीटर वाळू आहे ना, ते. एकूण खर्चाचा दहावा भाग पहिल्या दिवशीच देखभालीसाठी बाजूला काढा. तो निघत नसेल तर शिल्प पुढच्या वर्षी बसवा; निचऱ्याचा पाइप मात्र याच वर्षी, आणि तोही जूनच्या आधी.